ऋतूंची वही: आधी बाहेर बघा, मग आत

चला, बसा. आज आपण एक वही सुरू करतोय. दर आठवड्याला वीस मिनिटं तिच्यात लिहायचं. पानाच्या वरच्या भागात दाराबाहेरचा ऋतू, खालच्या भागात तुम्ही स्वतः. वर्षभर हे केलंत की आपली झोप, भूक, चिडचिड आणि कामाचा उत्साह कधी चढतो आणि कधी उतरतो, हे तुमच्याच अक्षरात तुम्हाला वाचायला मिळेल. नियम एकच कडक आहे: आधी बाहेर बघायचं, मग आत. क्रम उलटा केलात तर महिन्याभरात वहीचं रडगाणं होतं आणि मग ती कपाटात जाते.

सामान: दोनशे पानी वही, शिसपेन्सिल, थोडा दोरा, तिथी आणि नक्षत्रं दाखवणारी दिनदर्शिका, सरळ कडांची पारदर्शक प्लास्टिकची बरणी, कागदाची पट्टी आणि शाळेतली फूटपट्टी. सुरुवात कुठल्याही महिन्यात करा. त्यासाठी पाडव्याची वाट बघत बसू नका.

तयारी: एका सकाळी होते

१. वही घ्या. साधी, रेघी, वाण्याकडे मिळते तसली. फार देखणी, जाड कागदाची घेऊ नका. तिच्यात खाडाखोड करायला हात धजावत नाही, आणि खाडाखोड तर होणारच.

२. पेन्सिलीला टोक काढून ती दोऱ्याने वहीला बांधा. शाईपेन टाळा. पावसाचे चार शिंतोडे पडले की शाई पसरते, पेन्सिल जशीच्या तशी राहते.

३. वही उघडून पानांना क्रमांक घाला. डावं पान यंदाच्या आठवड्याचं, त्याच्यासमोरचं उजवं पान कोरं. ते पुढच्या वर्षीच्या त्याच आठवड्यासाठी राखायचं. बावन्न आठवड्यांना एकशे चार पानं लागतात, म्हणजे दोनशे पानी वहीत भरपूर जागा उरते. कोऱ्या पानाचा मोह आवरा. या वर्षी त्याच्यावर किराणाची यादीसुद्धा नको.

४. शेवटची वीस पानं वेगळी काढून तिथे दोरा घाला. ती ऋतू बदलताना लागतील. आत्ताच राखून ठेवा, मागाहून जागा उरत नाही.

५. उभं राहायची जागा ठरवा. गॅलरी, गच्ची, ओटा, स्वयंपाकघराची खिडकी, काहीही चालेल. तिथून आकाशाचा तुकडा दिसला पाहिजे आणि चपला न घालता तिथे पोचता आलं पाहिजे. टेकडीवर जाऊन लिहीन असं ठरवू नका. जुलैच्या पहिल्या झडीत ते मोडतं.

६. त्या जागेवरून दिसणारं एक झाड निवडा. वर्षभरात ज्याचं रूप पालटतं असं घ्या: कडुनिंब, पिंपळ, बहावा, ताम्हण, पांगारा, काटेसावर, शेवगा. शेजारच्या आवारातलं असलं तरी चालेल, बघायला परवानगी लागत नाही. सोसायट्यांच्या कुंपणाला अशोक म्हणून लावतात ते उंच, सरळ झाड मात्र टाळा. बारा महिने एकसारखं हिरवं दिसतं आणि नवख्या डोळ्याला त्यात काही सापडत नाही.

७. पहिल्या पानावर समोरच्या क्षितिजाचं चित्र काढा. पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर, डोंगराचा खांदा, समोरच्या इमारतीची कड, एवढ्या चार रेघा पुरतात. चित्र पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरू द्या. मधेच कोंबलंत तर डिसेंबरात सूर्य तुमच्या पानाबाहेर उगवेल.

८. सूर्य जिथे दिसतो तिथे चित्रावर टिंब द्या आणि तारीख घाला. जागा पूर्वेला असेल तर उगवतीचं, पश्चिमेला असेल तर मावळतीचं. पहिली कड दिसली की लगेच खूण करा. वर आलेल्या सूर्याकडे टक लावून बघू नका, डोळ्यांना इजा होते. घर दक्षिणेला तोंड करून असेल तर दुपारी ठरलेल्या वेळी उन्हाचा कवडसा कुठल्या फरशीपर्यंत येतो ते लिहा. डिसेंबरात तो खोलीत खोलवर शिरतो आणि उन्हाळ्यात उंबऱ्यावरूनच परत जातो.

९. आठवड्याचा वार आणि वेळ ठरवून वहीच्या मुखपृष्ठावर लिहा. घरात जो वार शांत असतो तो घ्या. रविवारी पाहुणे येत असतील तर गुरुवार घ्या. रोज लिहिण्याची शपथ मात्र घेऊ नका. ती पंधरा दिवस टिकते, मग अपराधी वाटू लागतं आणि वही नकोशी होते.

दर आठवड्याची वीस मिनिटं

१०. मोबाइल आत ठेवा. फोटो काढायलाही नको. फोटो काढला की बघायचं राहून जातं.

११. पाच मिनिटं नुसते उभे राहा. लिहू नका. पहिली दोन मिनिटं काहीच घडत नाहीये असं वाटेल. थांबा. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कान उघडतात.

१२. डाव्या पानाच्या डोक्यावर तारीख, तिथी आणि चालू नक्षत्र लिहा. दिनदर्शिकेत बघून लिहा, अंदाजाने नको.

१३. बाहेरच्या पाच नोंदी करा, याच क्रमाने: आकाश, वारा, झाड, पक्षी-किडे, बाजार. प्रत्येकाला एक ओळ. बाजार म्हणजे त्या आठवड्यात मंडईत काय नव्याने आलं आणि काय संपलं. चैत्रातली नोंद साधारण अशी दिसते:

आकाश: पांढुरकं, ढग नाही. वारा: पडलेला. कडुनिंब: खाली पिवळ्या पानांचा सडा, शेंड्याला तांबूस पालवी, बोटभर. पक्षी: कोकीळ, पहाटे अंधारातच. बाजार: कैऱ्या आल्या, मटार गेला.

“छान”, “सुंदर”, “प्रसन्न” हे शब्द वरच्या भागात लिहू नका. ते तुमच्याबद्दल सांगतात, झाडाबद्दल काही सांगत नाहीत. “बोटभर” चालेल.

१४. पाचवी ओळ संपली की आडवी रेघ ओढा. पट्टीने नको, हाताने. ही रेघ येईपर्यंत स्वतःबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही. इथेच बहुतेकांचा क्रम चुकतो. डोक्यात कालचं भांडण असतं आणि पेन्सिल आपोआप तिकडे वळते. वळली तर खोडा आणि परत वाऱ्याकडे या.

१५. रेघेखाली आतल्या चार नोंदी करा: झोप, भूक, मन, काम. इथेही एकेक ओळ. “झोप: चारला जाग. भूक: सकाळी नाही. मन: चिडचिड, कारण सापडेना. काम: सुरू करतो, अर्ध्यात सोडतो.” वरचं आणि खालचं जोडायची घाई करू नका. झाडाची पानं गळताहेत म्हणून मी उदास आहे, असलं वाक्य आलं तर पुसून टाका. जोड लागायची असेल तर ती पुढे वाचताना दिसेल.

१६. चालू ऋतूचा प्रश्न लिहून त्याचं दोन-तीन ओळींत उत्तर द्या. प्रश्न पुढे दिले आहेत. ऋतू संपेपर्यंत दर आठवड्याला तोच प्रश्न विचारायचा. नवा प्रश्न शोधू नका. जुन्याच प्रश्नाचं उत्तर कसं बदलत जातं ते आपल्याला हवं आहे.

१७. या आठवड्यात करायची एक लहान गोष्ट लिहा. एवढी लहान, की करून झाली की नाही हे हो-नाहीत सांगता येईल. “तब्येत सांभाळणार” हे चालणार नाही. “गुरुवारी दहाला दिवा मालवणार” हे चालेल.

१८. वही मिटा. मागची पानं चाळू नका. पुढच्या ऋतुसंधीपर्यंत मागे वळून बघायचं नाही, नाहीतर मागच्या आठवड्याचंच शब्द बदलून लिहिलं जातं. एखादा आठवडा हुकला तर पानावर “हुकला” एवढंच लिहून पुढे जा. आठवून भरू नका.

ऋतूप्रमाणे काय करायचं

आधी एक सूचना. पंचांगात ग्रीष्म ज्येष्ठ-आषाढाचा आहे, पण आषाढात आपल्याकडे पाऊस कोसळत असतो. म्हणून दारात जो दिसतो तोच ऋतू धरा. कोकणात आणि विदर्भात एकाच तारखेला वेगळा ऋतू असू शकतो आणि दोघांचंही बरोबर असतं. परदेशात असाल तर तिथलाच ऋतू लिहा. मेलबर्नला जूनमध्ये थंडी असते, तेव्हा तिथे बसून मृगाची नोंद करू नका. मी पावसापासून सुरुवात करते. तुम्ही आज ज्या ऋतूत आहात तिथून आत शिरा.

*पाऊस*

प्रश्न: यंदा मी काय पेरलं, आणि त्याला काय हवं आहे?

१९. मेअखेरीस बरणीच्या बाहेरून कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा करा, आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. बरणी तळापासून तोंडापर्यंत सारख्याच रुंदीची हवी. निमुळत्या तोंडाच्या बाटलीत आकडा खोटा येतो. शून्याची खूण आतल्या तळाशी जुळवा. बहुतेक बरण्यांचा तळ मधे फुगलेला असतो, तेव्हा तो फुगवटा झाकेल एवढं पाणी आधीच घालून तिथे शून्य धरा.

२०. बरणी उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठला आकडा वाचा. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असाच धरतात, त्यामुळे वर्तमानपत्रातल्या आकड्याशी ताडून बघता येईल. बरणी पागोळ्यांखाली ठेवू नका. आणि वाचून झालं की पाणी रोज बदलून परत शून्यावर आणा. साचलेल्या पाण्यात डास होतात.

२१. आकड्यांची बेरीज करत जा, आणि ७५ ते १०० मिलिमीटर होईपर्यंत कुठलंही नवं काम सुरू करू नका. शेतकऱ्यांना पेरणीसाठी कृषी विभाग सांगतो तोच हा आकडा आहे. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागतं. पहिल्या सरीबरोबर मातीचा वास सुटतो आणि आपल्याला एकदम पोहणं, गाणं, जर्मन भाषा, सगळंच शिकावंसं वाटतं. थांबा. पहिल्या सरीवर पेरलेलं बी पुढच्या उघडिपीत करपतं. बरणी भरेपर्यंत मनात आलेली प्रत्येक गोष्ट वहीच्या मागे टिपून ठेवा. कोकणात आणि मुंबईत हा आकडा एका रात्रीतही गाठला जातो, तिथे आणखी आठवडाभर थांबा. मराठवाड्यात बेरीज व्हायला जुलै उजाडला तरी घाबरू नका.

२२. आकडा झाला की टिपलेल्या गोष्टींतली एकच निवडून सुरू करा. एकच. माझा या पायरीवर फार भर आहे, कारण वर्षभराची वही या एका गोष्टीभोवती फिरणार आहे. दोन निवडल्यात तर शरदात मोजताना दोन्ही अर्ध्या निघतात. आणि सुरू केलेलं पंधरा दिवसांत मोडलं तर दुबार पेरणी करा, पुन्हा त्याच गोष्टीची. दुबार पेरणीत कमीपणा नाही. ज्या वर्षी पाऊस दडी मारतो त्या वर्षी चांगल्या शेतकऱ्यालाही ती करावी लागते.

२३. आषाढी एकादशीला एक नेम धरा. चातुर्मासाचा असल्यामुळे कार्तिकी एकादशीला तो आपोआप सुटतो, आणि शेवटची तारीख ठाऊक असलेला नेम पाळायला सोपा जातो. काहीतरी सोडण्याचा धरा: रात्री नऊनंतरचं खाणं, जेवताना टीव्ही, दुसऱ्यांदा घेतलेली साखर. अधिक महिना मधे आला तर नेम पाच महिन्यांचा होतो, तेवढं दिनदर्शिकेत आधी बघून घ्या. मधुमेह असेल, गरोदर असाल किंवा औषधं चालू असतील, तर उपासाचा नेम डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका.

२४. पितृपक्षात एका दिवशी वहीची एक आख्खी बाजू गेलेल्या एका माणसासाठी लिहा. मागे राखलेल्या वीस पानांतलं पान घ्या. गुण लिहू नका, ते श्रद्धांजलीच्या जाहिरातीसारखं होतं. हात लिहा. आजी पोळी लाटताना पीठ कुठल्या बोटाने झटकायची, काका पेपर कसा घडी करायचे, मावशी फोन ठेवताना काय म्हणायची. लिहिता लिहिता रडू आलं तर येऊ द्या. त्या दिवशी सतरावी पायरी गाळा.

*शरद*

प्रश्न: मृगात पेरलं त्याचं पदरात काय पडलं?

२५. २२-२३ सप्टेंबरला सूर्याची खूण नव्याने करा. त्या सुमारास तो जवळपास नेमक्या पूर्वेला उगवतो, त्यामुळे ती खूण चित्राच्या मध्यावर पडते. तुमच्या चित्रात ती मध्यावर पडली नाही तर काळजी नको, घराचं तोंडच थोडं तिरकं आहे.

२६. संध्याकाळची एक नोंद जास्तीची करा: वास. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर या दिवसांत सातवीण फुलते आणि अंधार पडला की तिचा उग्र गोड वास खाली उतरतो. काहींचं त्या वासाने डोकं धरतं. तसं असेल तर खिडकी लावून घ्या आणि तेही लिहा. पहाटे प्राजक्ताचा सडा, आणि ओल्या मैदानावर शेपटी वरखाली करत पळणारा धोबी पक्षी. तो हिवाळ्याचा पाहुणा आहे, पहिल्यांदा दिसला ती तारीख अधोरेखित करा.

२७. दिवाळीच्या साफसफाईआधी मोजणी करा. मृगात सुरू केलेल्या एका गोष्टीचं आज नेमकं काय झालं ते आकड्यात किंवा वस्तूत लिहा: चार गाणी बसली, सहा किलोमीटर चालता येतं, तीन खोके पुस्तकं वाटून टाकली. “बऱ्यापैकी प्रगती” असं लिहू नका. खळ्यावरची रास मापानेच मोजतात. काही आलं नसेल तर “शून्य” लिहा आणि कारणाची एकच ओळ लिहा. कारणांची यादी नको.

२८. कोजागिरीला रात्री एकदा चंद्राखाली अर्धा तास बसा, शक्यतो घरच्यांबरोबर, दूध घेऊन. त्या रात्री वही आत ठेवा. काही गोष्टी न लिहिता केलेल्या बऱ्या.

*थंडी*

प्रश्न: नेटाने पुरं करायचं असं एक काम कुठलं?

२९. मार्गशीर्षात संध्याकाळी सहा ते सात हा तास एका कामाला द्या. भूक चांगली लागते, शरीर साथ देतं, अंधार लवकर पडतो. वर्षातलं सगळ्यांत भरभक्कम काम याच दिवसांत होतं असं माझं ठाम मत आहे. नवं काही सुरू करू नका. शरदात मोजलेलंच पुढे न्या.

३०. २१-२२ डिसेंबरला सूर्याची खूण करा. ही दक्षिणेकडची शेवटची खूण. आपल्या अक्षांशावर दक्षिणेच्या आणि उत्तरेच्या टोकाच्या खुणांत साधारण ५० अंशांचं अंतर असतं. हात लांब करून मूठ धरलीत तर एक मूठ सुमारे १० अंश, म्हणजे पाच मुठी. जूनमध्ये स्वतः मोजून बघा. दिवस मोठा होऊ लागला तरी जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उशिराच उगवतो, तेव्हा घड्याळ चुकलं असं समजू नका.

३१. संक्रांतीच्या आठवड्यात बाजाराची ओळ सविस्तर लिहा. बोरं, ऊस, ओला हरभरा, गाजर. सोलापूर-नगरकडे असाल तर हुरडा. एका वेळी एक जिन्नस खा आणि चव लिहा. “गोड” पुरेसं नाही. बोर आंबट होतं की तुरट, ते हवं.

*पानगळ*

प्रश्न: आता कशाची गरज उरली नाही?

३२. माघात घरातलं किंवा कामातलं एक ओझं परत करा, आणि ते तोंडाने सांगून करा. न जमणारी समिती, नावापुरतं सभासदत्व, कुणाचं तरी दोन वर्षं पडून असलेलं पुस्तक. नुसतं मनात सोडलेलं ओझं होळीनंतर परत येऊन बसतं. याच दिवसांत काटेसावर आणि पळस बिनपानांच्या फांद्यांवर फुलतात, ती नोंद चुकवू नका.

*वसंत*

प्रश्न: कुणाला भेटायचं राहिलं?

३३. पाडव्याला कडुनिंबाचा फुलोरा खाल्ला की एका माणसाचं नाव लिहा, ज्याच्याशी बोलणं सहज म्हणून थांबलं आहे. भांडण झालेला माणूस नको, तो अवघड आहे आणि या पायरीचं ते काम नाही.

३४. चैत्र संपायच्या आत त्या माणसाला घरी बोलवा. चैत्रात बोलावणं सोपं असतं, पन्हं आणि आंब्याची डाळ हे निमित्त तयार असतं. मेसेज पाठवून थांबू नका, फोन करा.

*उन्हाळा*

प्रश्न: पावसाळ्यासाठी बेगमी कशाची करून ठेवायची?

३५. आठवड्याची नोंद सकाळी सातच्या आत उरका. बारा ते तीन बाहेर उभं राहू नका. दुपारी थोडी वामकुक्षी घ्या आणि तिला आळस म्हणू नका; रात्री झोप पुरी होत नसते, ते खालच्या भागात तुम्हीच लिहिलेलं असेल.

३६. शून्य सावलीच्या दिवशी एक बाटली उन्हात उभी ठेवा. सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि बाटलीची सावली तिच्याच पायाखाली जाते. कोल्हापुरात ६-७ मे, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे, नागपुरात २६ मेच्या सुमारास. वेळ दुपारी बारा ते साडेबाराच्या आगेमागे. दर पाच मिनिटांनी सावलीकडे बघा, सूर्याकडे नको, आणि बघून लगेच सावलीत या. मुलं घरात असतील तर त्यांच्या हाती बाटली द्या.

३७. पापड-कुरडयांबरोबर मनाचीही बेगमी करा. पावसाच्या अंधाऱ्या दुपारी ज्यांची सोबत लागेल अशी पाच पुस्तकं, गाणी किंवा माणसं लिहून ठेवा. जुलैत मन बसतं तेव्हा आठवत नाही, म्हणून आत्ताच.

३८. पावशा ओरडायला लागला की बरणी धुऊन ठेवा.

ऋतुसंधी: ऋतू बदलतानाचे पंधरा दिवस

जाणाऱ्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येणाऱ्याचा पहिला, एवढा हा काळ. सर्दी-खोकला आणि उगाचची कुरबुर याच दिवसांत जास्त. मोठे निर्णय शक्यतो या पंधरवड्यात घेऊ नका.

३९. सरत्या ऋतूची सगळी पानं एका बैठकीत वाचा. आधी सगळे वरचे भाग, मग सगळे खालचे. इथेही क्रम तोच.

४०. खालच्या भागात तीनदा किंवा जास्त वेळा आलेल्या शब्दाभोवती गोल करा. “थकवा”, “जाग”, “आई”, “पैसे”, जे असेल ते.

४१. त्या शब्दाच्या पानांवर वर काय लिहिलंय ते पुन्हा बघा. ढगाळ आठवडे? वारा पडलेला? की वर काहीच सारखं नाही? नसेल तर “सारखं नाही” असंच लिहा. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका, योगायोग पुष्कळ असतात. आणि खालच्या भागात लागोपाठ दोन-तीन आठवडे झोप उडालेली, कशातच रस नाही, असं दिसलं तर ते ऋतूवर ढकलू नका. डॉक्टरांना दाखवा, वही बरोबर घेऊन जा. त्यांना ती उपयोगी पडेल.

४२. शेवटच्या वीस पानांत सरत्या ऋतूसाठी दोन ओळी लिहा: पुढे काय नेणार, इथेच काय ठेवणार. तिसरी ओळ नको.

४३. नव्या ऋतूचा प्रश्न पुढच्या डाव्या पानाच्या कडेला लिहा आणि सोळाव्या पायरीत तो वापरा.

दुसरं वर्ष

४४. वर्ष पुरं झालं की पहिल्या आठवड्याच्या पानावर परत या. डावीकडे गेल्या वर्षीची नोंद आहे, उजवं पान कोरं आहे. डावं पान हाताने झाका.

४५. उजव्या पानावर नेहमीप्रमाणे यंदाची नोंद करा. आधी बघितलंत तर तेच लिहाल.

४६. आता हात काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. कडुनिंबाची पालवी चार दिवस अलीकडे-पलीकडे झालेली असेल. खालच्या भागात गेल्या वर्षी तुम्हाला फार मोठं वाटलेलं एखादं संकट असेल, त्याचं यंदाच्या पानावर नावही नसेल. आणि एखादी ओळ दोन्हीकडे अक्षरशः सारखी असेल. पुढचं सगळं वर्ष त्या एका ओळीवर काम करा.

वही आज संध्याकाळी वाण्याकडून घेऊन या. पाऊस असो, ऊन असो, उद्या सकाळी पाच मिनिटं खिडकीशी उभे राहा, आणि पहिली ओळ आकाशाची लिहा.